इटालिक निब कागदात रुतायची, ती कशी सुधरली

बोरूसारखं जाड-बारीक अक्षर पाहिजे होतं, म्हणून शाईपेनाची निब घासून इटालिक, म्हणजे चपट्या टोकाची, करून घेतली, पण छाट (टोकाचा काप) एकदम सरळ अन् धारदार, त्यामुळं इथं लातूरला साध्या वहीत लिहायलो की कोपरे रुतायचे आणि शिरोरेषा केसावानी बारीक. बोरूची छाट तिरपी असते म्हणून आडवी रेघही भरते, हे आधी ध्यानातच आलं नाही. भिंगातून पाहिलं, निबेची दोन्ही पाती समान होती, दोष कोपऱ्यांचाच. मग १२००० ग्रिटच्या मायक्रोमेशवर (पॉलिश करायचा एकदम बारीक घासकागदावानी प्रकार), शाई भरूनच, अजिबात दाब न देता आठाचे आकडे काढले, दर चार-पाच फेऱ्यांनी लिहून बघितलं, कारण घासलेलं परत येत नाही. आता लई छान सरसर चालतंय. पुढचं पेन घेताना मात्र तिरपी छाटच सांगणार.