लिनक्समध्ये ४ टीबीची डिस्क अर्धीच वापरता येतेय? मग हे करा

नवी ४ टीबीची हार्डडिस्क लावली, पार्टिशन करायला गेलो तर २ टीबीच्या पुढे जातच नाही, असं झालं की लोक आधी दुकानदाराशी भांडायला निघतात. थांबा जरा, डिस्क बहुतेक ठणठणीत असते, घोळ असतो तिच्यावरच्या पार्टिशन टेबलचा, म्हणजे डिस्कचे कुठले भाग (पार्टिशन) कुठे आहेत याच्या नोंदीचा.

जुनं टेबल म्हणजे एमबीआर, हे १९८३ मध्ये डॉस २.० बरोबर आलं. त्यात पार्टिशन कुठून सुरू होतं आणि किती लांब आहे हे लिहायला फक्त ३२ बिट आहेत, म्हणजे साधारण ४२९ कोटी सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), आणि एक सेक्टर ५१२ बाइटचा धरला तर हिशोब जवळपास २.२ टीबीवर संपतो. म्हणून २ टीबीच्या डिस्कला काही होत नाही, रडगाणं सुरू होतं ३ टीबीपासून. नवं टेबल म्हणजे जीपीटी, त्यात हेच आकडे ६४ बिटचे असतात, शिवाय टेबलची एक कॉपी डिस्कच्या शेवटी पण ठेवलेली असते, त्यामुळे मोठ्या डिस्कला दुसरा विचारच करू नका.

आधी टर्मिनलमध्ये एलएसबीएलके (lsblk) चालवा आणि डिस्कचं नाव नीट बघून घ्या, समजा एसडीबी (sdb) आहे. साइज ३.६ दिसेल, घाबरू नका, कंपनी हजाराने मोजते आणि लिनक्स १०२४ ने, एवढंच. मग सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून एफडिस्क हायफन एल (sudo fdisk -l). त्यात लेबल टाइपसमोर डॉस, म्हणजे एमबीआर, लिहिलं असेल तर चोर सापडला.

डिस्क रिकामी असेल तर काम पाच मिनिटांचं. सुडो एफडिस्कने तीच डिस्क उघडा, जी दाबा (नवं जीपीटी टेबल), मग एन, पुढच्या प्रश्नांना एंटर एंटर, पी दाबून एकदा बघा आणि पटलं तरच डब्ल्यू. डब्ल्यू दाबेपर्यंत डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही, चुकीची डिस्क उघडली असेल तर क्यू दाबून गुपचूप बाहेर. नंतर एमकेएफएस ने पार्टिशन ईएक्सटी४ या लिनक्सच्या फॉरमॅटमध्ये करताना हायफन एम १ (-m 1) द्या, कारण नाहीतर ५ टक्के जागा रूट म्हणजे अ‍ॅडमिनसाठी राखून ठेवली जाते, ४ टीबीत ती जवळजवळ २०० जीबी होते आणि नुसता डेटा ठेवायच्या डिस्कवर ती फुकट अडून बसते. एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) एसडीबी१ असं नाव न टाकता यूयूआयडी म्हणजे पार्टिशनचा कायमचा ओळख क्रमांक टाका, सोबत नोफेल (nofail) पण, म्हणजे डिस्क काढून ठेवली तरी मशीन बूट होताना अडकणार नाही.

डिस्कवर डेटा आहे? आधी बॅकअप, मग पुढचं बोलू. जुन्या १ टीबीवरून डीडी (डिस्क जशीच्या तशी कॉपी करणारी कमांड) मारून ४ टीबीवर क्लोन केलेल्यांचं हेच होतं, डेटाबरोबर एमबीआर पण येतं. अशावेळी डिस्क अनमाउंट करून जीडिस्क (gdisk) या प्रोग्रामने उघडा, तो स्वतःच जीपीटीत बदलून दाखवतो आणि डब्ल्यू दिलं की लिहितो. फक्त डिस्कच्या शेवटी ३३ सेक्टर रिकामे लागतात, शेवटचं पार्टिशन टोकापर्यंत गेलं असेल तर ते आधी थोडं आखडून घ्या. बूटची डिस्क असेल आणि मशीन जुन्या बायॉसवर (यूईएफआयच्या आधीची बूट पद्धत) चालत असेल तर ग्रब या लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामसाठी १ एमबीचं बायॉस बूट पार्टिशन बनवून ग्रब परत इन्स्टॉल करावा लागतो. त्याच डिस्कवर विंडोज पण असेल तर हा उद्योग करूच नका, बायॉसमधून जीपीटीवरचं विंडोज बूट होत नाही.

आता सगळ्यात फसवा प्रकार, यूएसबी केस, म्हणजे डिस्क आत घालून यूएसबीने जोडायचा डबा. काही केस एमबीआरची मर्यादा टाळायला सेक्टर ४०९६ बाइटचा आहे असं सांगतात, त्यात मोठी डिस्क मस्त चालते, वर्षभर कुणाला पत्ता लागत नाही. मग एक दिवस तीच डिस्क काढून थेट साटाला (मदरबोर्डवरच्या डिस्कच्या पोर्टला) लावली की सेक्टर परत ५१२ चा, सगळे आकडे आठपटीने चुकतात आणि पार्टिशन गायब. इथे फॉरमॅट करू का विचारलं तर चक्क नाही म्हणा. डिस्क परत त्याच केसमध्ये घाला, डेटा दिसेल, तो दुसरीकडे उतरवा आणि मगच डिस्क साटाला लावून नव्याने जीपीटी करा.