गावच्या शाळेत अभिरूप संयुक्त राष्ट्र सभा कशी घ्यावी

अभिरूप संयुक्त राष्ट्र सभेत मुले वेगवेगळ्या देशांचे प्रतिनिधी होऊन एखाद्या प्रश्नावर चर्चा करतात आणि ठरावावर मत देतात. यवतमाळ-वर्ध्याकडच्या शाळेत अशी सभा पहिल्यांदा घ्यायची असेल, तर विषय कापसाचा निवडावा, कारण ज्या मुलाने वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकांनी ओरखडलेली आईची बोटे पाहिली आहेत, त्याला भावाचा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या देशांनी २००३ साली जागतिक व्यापार संघटनेत श्रीमंत देशांच्या कापूस अनुदानाविरुद्ध आवाज उठवला होता. हे चार देश, अमेरिका, भारत, चीन आणि ब्राझील चिठ्ठ्या टाकून वाटावेत.

मग प्रत्येकाने आपल्या देशाची भूमिका एका पानावर लिहावी. हे काम घाईने उरकू नये. अमेरिकेची चिठ्ठी निघालेल्या शेतकऱ्याच्या मुलीला अनुदानाची बाजू मांडणे जड जाते, तरीही तिचा देश बदलू नये, कारण समोरच्याचा हिशेब समजून घेण्याची सवय तिथेच लागते.

सभेत देशाच्या नावाची पुठ्ठ्याची पाटी उंचावून अध्यक्षांकडे वेळ मागावी. भाषणांपेक्षा मधल्या अनौपचारिक चर्चेला जास्त वेळ द्यावा. ठरावाच्या मसुद्यातले अनुदान ‘बंद करावे’ हे शब्द ‘टप्प्याटप्प्याने कमी करावे’ असे बदलतात ते याच वेळी. या चर्चेत मुले वऱ्हाडीत बोलली तर बोलू द्यावे, ठराव मात्र प्रमाण मराठीत लिहून घ्यावा. मतदान संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेप्रमाणे घ्यावे: प्रत्येक देशाला एक मत, आणि महत्त्वाच्या प्रश्नावर मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश बहुमत.