गरोदरपण आणि ऑटिझम: हातात काय आहे, आणि ते कोणत्या आठवड्यात करायचं

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा बाळाच्या मेंदूच्या घडणीतला फरक आहे आणि त्याची मुळं बहुतांशी जनुकांत असतात. २०१९ मध्ये पाच देशांतल्या सुमारे वीस लाख मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मुलामुलांतल्या फरकाचा जवळपास ८० टक्के भाग आनुवंशिक निघाला. उरलेल्या भागात गरोदरपणातल्या आणि बाळंतपणातल्या काही गोष्टी येतात. त्यातल्या काही खरंच टाळता येतात, काही नाही. हा लेख टाळता येणाऱ्या गोष्टींसाठी आहे. सुनेला बोल लावण्यासाठी त्याचा उपयोग करू नका, कारण यातली एकही गोष्ट एकटीने ऑटिझम घडवत नाही.

आधी आकडे कसे वाचायचे ते पाहू. 'धोका ६० टक्के वाढतो' याचा अर्थ शंभरातल्या साठ मुलांना ऑटिझम होतो, असा नाही. शंभरात एक असेल तर तो सुमारे दीड होतो, एवढंच. हे लक्षात नसलं की एकतर उगाच घाबरगुंडी उडते, नाहीतर सगळंच खोटं वाटायला लागतं.

दिवस जाण्याच्या आधीचं काम

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. आपल्याकडे पाळी चुकली, दोन-अडीच महिने उलटले, मग नाव नोंदवलं, असा क्रम असतो. पण बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते. म्हणजे पाळी चुकल्याचं कळून दोन आठवडे होईपर्यंत हे काम उरकलेलं असतं. म्हणून फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस जाण्याच्या किमान महिनाभर आधी सुरू करायची आणि बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत रोज एक घ्यायची. फिट्सचं औषध चालू असेल, मधुमेह असेल किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, तर डॉक्टर ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. ती आपल्या मनाने घ्यायची नाही. जास्त घेतली म्हणून जास्त फायदा होत नाही. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, उडीद, मेथी, पोकळा, तांदुळजा यांतून फोलेट मिळतं आणि ते खायलाच हवं, पण भाजी फार शिजली की त्यातला बराच भाग जातो. म्हणून गोळीची जागा भाजी घेत नाही.

दुसरं काम औषधांच्या डब्याचं. फिट्स, मायग्रेन किंवा मानसिक आजारासाठी सोडियम व्हॅल्प्रोएट चालू आहे का, ते पाहा. पाकिटावरचं मोठं नाव कंपनीगणिक वेगळं असतं, म्हणून खाली बारीक अक्षरांत लिहिलेला घटक वाचा. ऑटिझमशी ज्या औषधाचा संबंध सगळ्यात भक्कम पुराव्याने दिसतो, ते हेच. डेन्मार्कमधल्या २०१३ च्या अभ्यासात गरोदरपणी हे औषध घेतलेल्या आईच्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण ४.४ टक्के होतं, इतर मुलांत १.५ टक्के. शिवाय जन्मजात व्यंगाचा धोका वेगळा. पण औषध एकदम बंद करणं त्याहून घातक आहे. मोठी फिट आली तर आई आणि बाळ दोघांचा जीव जाऊ शकतो. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटाम असे त्यामानाने सुरक्षित पर्याय आहेत, मात्र बदल हळूहळू, मेंदूविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि दिवस जाण्याच्या काही महिने आधी करावा लागतो. लग्न ठरलं की फिट्सचा आजार लपवायचा आणि गोळ्या बंद करायच्या, ही चाल मुलींच्या जिवावर उठते.

तिसरं, रुबेला. गरोदरपणी हा गोवरासारखा ताप आला तर बाळाच्या डोळ्यांवर, कानांवर, हृदयावर परिणाम होतो. अमेरिकेत १९६४ च्या साथीनंतर जन्मलेल्या मुलांत ऑटिझमही खूप जास्त आढळला होता. ही लस जिवंत विषाणूची असते, म्हणून ती गरोदरपणात देत नाहीत. आधी घ्यायची आणि नंतर किमान एक महिना दिवस जाऊ द्यायचे नाहीत. भारतात गोवर-रुबेलाची मोहीम २०१७ मध्ये सुरू झाली. तेव्हा ज्यांची शाळा सुटली होती अशा मुलींनी लस झाली आहे का, हे विचारून घ्यावं.

दोन बाळंतपणांत अंतर ठेवा. मागच्या जन्मानंतर वर्षाच्या आत पुन्हा दिवस गेले तर अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, अंगातलं रक्त कमी असणं आणि ऑटिझम, तिन्हींचं प्रमाण वाढतं. दोन वर्षं थांबणं चांगलं. आई आणि वडील दोघांच्या वाढत्या वयाबरोबर धोका थोडा वाढतो. वडिलांचं वय कुणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

नऊ महिने

लवकर नोंदणी करा आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. स्वीडनच्या २०१९ च्या अभ्यासात तिसाव्या आठवड्याच्या आत रक्त कमी असलेल्या मातांच्या मुलांत ऑटिझम ४.९ टक्के, तर रक्त चांगलं असलेल्यांच्या मुलांत ३.५ टक्के आढळला. म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात धावपळ करून रक्त चढवण्यापेक्षा पहिल्या सहा महिन्यांतली गोळी मोलाची. चौथ्या महिन्यापासून लाल गोळी रोज एक, किमान १८० दिवस. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. रक्त कमी असेल तर डॉक्टर रोज दोन देतात. लिंबूपाण्यासोबत घ्या. चहा आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवा. दोन्ही गोळ्या एकदम घशाखाली घातल्या की लोह अंगी लागत नाही आणि 'गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही' अशी तक्रार होते. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. शौचाला काळं होणं अपेक्षित आहे, त्याने गोळी सोडू नका. महिनाभरात हिमोग्लोबिन एका ग्रॅमनेही वाढलं नाही, तर कारण शोधायला हवं. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, तळोदा आणि चोपडा-यावलच्या सातपुडा पट्ट्यात अशा वेळी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी झालीच पाहिजे, नवऱ्याचीही.

साखर. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात घालून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, त्यामुळे खेड्यावरून येणाऱ्या बाईने भाकरी खाऊन यावं. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. २६ आठवड्यांच्या आधी सापडलेल्या मधुमेहाचा ऑटिझमशी संबंध दिसतो, म्हणून पहिली तपासणी 'अजून लवकर आहे' म्हणून टाळू नका. दरवेळी रक्तदाबही मोजून घ्या. १४०/९० किंवा वर असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचं.

ताप अंगावर काढू नका. जोराचा ताप बाळाला बरा नव्हे. पॅरासिटामॉलबद्दल बरीच भीती पसरली आहे. स्वीडनमध्ये सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदींवरून, सख्ख्या भावंडांची तुलना करून, २०२४ मध्ये जो अभ्यास आला त्यात या गोळीचा ऑटिझमशी संबंध टिकला नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, दोन गोळ्यांत सहा तास ठेवून, गरज असेल तेवढेच दिवस घ्या. आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी मात्र दुकानातून आणून खाऊ नका. पावसाळ्यात सातपुड्यात ताप आला तर मलेरियाचं रक्त आधी तपासा.

फवारणी

हा विषय खान्देशात सोडून चालणार नाही. कापूस, केळी, भाजीपाला, सगळीकडे फवारा चालतो आणि नेमक्या त्याच दिवसांत घरात कुणीतरी गरोदर असतं. कॅलिफोर्नियातल्या २०१४ च्या अभ्यासात गरोदरपणी क्लोरपायरीफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांच्या फवाऱ्याजवळ राहणाऱ्यांच्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण सुमारे ६० टक्के जास्त दिसलं. हा संबंध आहे, सिद्ध कारण नव्हे. पण काळजी घ्यायला खर्च जवळपास शून्य आहे, म्हणून घ्यावीच.

गरोदर बाईने औषध कालवायचं नाही, पंपात पाणी ओतायचं नाही आणि फवारणाऱ्याचे कपडे धुवायचे नाहीत. हे शेवटचं काम सगळ्यांच्या नजरेतून सुटतं. ओल्या कपड्यातलं औषध कातडीतून अंगात जातं. फवारणारा माणूस शेतात किंवा अंगणातच कपडे काढून, साबणाने अंघोळ करून मग घरात येईल. त्याचे कपडे वेगळ्या बादलीत, तो स्वतः धुईल. फवारलेल्या शेतात निंदणी-वेचणीला किती दिवसांनी जायचं, ते डब्याच्या लेबलवर असतं. ते वाचून कळत नसेल तर दुकानदाराकडून वदवून घ्या. औषधाचे डबे झोपायच्या खोलीत किंवा धान्याच्या कोठीजवळ नकोत आणि रिकामा डबा पाण्याला वापरायचा नाही. मळा आणि घर एकच असेल तर वारं घराकडे वाहत असताना फवारा थांबवा.

चुलीचा धूर हाही तसाच. गॅस परवडत नसेल तर निदान चूल बाहेर, छपराखाली आणा. मिसरी लावणं पूर्ण बंद करा. तिने दिवस भरायच्या आधी बाळंतपण होतं आणि बाळाचं वजन घटतं. मुलगा व्हावा म्हणून दिली जाणारी पुडी तर मुळीच घ्यायची नाही. तिच्यात काय आहे, हे देणाराही सांगत नाही.

आता ज्या गोष्टींनी ऑटिझम होत नाही त्या. लसीने नाही. लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा १९९८ चा तो गाजलेला शोधनिबंध २०१० मध्ये नियतकालिकाने मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाख मुलांवर २०१९ मध्ये पुन्हा तपासून झालं, संबंध निघाला नाही. सिझेरियनने नाही, ग्रहणात बाहेर पडल्याने नाही, आई शिकलेली किंवा नोकरीवाली असल्याने नाही. सोनोग्राफीत ऑटिझम दिसतही नाही, त्यामुळे 'रिपोर्ट तर चांगला होता' म्हणून डॉक्टरांवर चिडण्यात अर्थ नाही.

बाळंतपण आणि कागद

३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या मुलांत ऑटिझम साधारण ७ टक्क्यांत आढळतो, म्हणून बाळंतपण दवाखान्यातच. लवकर कळा सुरू झाल्या तर १०८ ला फोन करायचा, 'थांबून पाहू' म्हणायचं नाही. माहेरी जाताना, ऊसतोडीला किंवा कामासाठी गुजरातेत जाताना कार्ड, गोळ्या आणि सगळे रिपोर्ट सोबत न्या. डिस्चार्ज कार्डावर चार गोष्टी लिहून घ्या: किती आठवडे, वजन किती, बाळ लगेच रडलं का, अतिदक्षता विभागात किती दिवस ठेवलं. दोन वर्षांनी डॉक्टर हेच विचारतात आणि तेव्हा घरात कुणालाच नेमकं आठवत नसतं.

पुढची तीन वर्षं

बाळ लवकर जन्मलं असेल तर दोन वर्षांपर्यंत वय दुरुस्त करून मोजा. ३२ व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचे दोन महिने वजा करायचे.

वर्षाच्या बाळाने नावाला ओ द्यावी. हे घरी तपासताना टीव्ही बंद करा, मागून, साध्या आवाजात, एकदाच हाक मारा. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी तीनदा करा. समोर जाऊन टाळ्या वाजवून, खुळखुळा हलवून हाक मारली तर बाळ आवाजाला वळतं, नावाला नाही, आणि घरच्यांची खोटी खात्री पटते. दीड वर्षापर्यंत बोट दाखवून 'ते बघ' असं सांगता यावं. सोळा महिन्यांत एकही शब्द नाही, दोन वर्षांत दोन शब्दांचं वाक्य नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, तर त्याच आठवड्यात दाखवा. 'त्याना बाप बी उशिराच बोलना व्हता' म्हणत आजी थांबवते आणि शिकण्याची सगळ्यात चांगली वर्षं हातची जातात. मोठ्या भावंडाला ऑटिझम असेल तर पुढच्या बाळात तो पाचांत एकाला दिसतो, तिथे तर वाट पाहूच नका.

१६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट ही वीस प्रश्नांची चाचणी असते. ० ते २ गुण कमी धोका, ३ ते ७ मध्यम, ८ किंवा त्याहून वर जास्त. दुसरा, पाचवा आणि बारावा प्रश्न उलटा आहे. तिथे 'हो' म्हणजे धोका. मोबाइलवर स्वतः भरणारे इथेच चुकतात. ही गाळणी आहे, निदान नव्हे. आधी बेरा चाचणीने कान तपासा. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला सांगितलं तर ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे, चिठ्ठी देतात.

निदान झालं तर ऑटिझमसोबत येणाऱ्या दुखण्यांकडे लक्ष ठेवा. निम्म्याहून जास्त मुलांना झोपेचा त्रास असतो, साधारण दहांत एकाला फिट्स येतात, बद्धकोष्ठता नेहमीची. न बोलणारं मूल अचानक चिडकं झालं, डोकं आपटू लागलं तर ते वागणं सुधारण्याआधी दात, कान आणि पोट तपासा. बहुधा काहीतरी दुखत असतं.

स्टेम सेल किंवा शरीरातून धातू काढण्याच्या उपचारांसाठी जमीन गहाण टाकू नका. त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. तोच पैसा बोलणं शिकवणाऱ्या स्पीच थेरपीला आणि रोजची कामं शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीला लावा, आणि तिथे शिकवलेलं घरी रोज पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीनदा करा. जेवताना, अंघोळीला, बकरीला चारा घालताना. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आयएसएए या ऑटिझम मोजण्याच्या भारतीय मापनात ७० किंवा जास्त गुण लागतात. मग यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा आणि त्यावर निरामय विमा घ्या, वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळतो. थेरपीच्या पावत्या पहिल्या दिवसापासून फाइलला लावत चला, दाव्याच्या वेळी त्याच मागतात.