नॅनोट्यूब्स फील्डने वेगळ्या करायच्यात? आधी गुठळ्या सोडवा

सिंगल-वॉल नॅनोट्यूबची (कार्बनच्या एकाच थराची अतिसूक्ष्म नळी) पावडर आणली की त्यात साधारण एक तृतीयांश ट्यूब्स मेटॅलिक असतात आणि बाकीच्या सेमीकंडक्टिंग, आणि ट्रान्झिस्टर करायचा तर ही सरमिसळ अजिबात चालत नाही. २००३ मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहला क्रुप्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की १० मेगाहर्ट्झचं एसी फील्ड लावलं तर मेटॅलिक ट्यूब्स इलेक्ट्रोडकडे ओढल्या जातात आणि सेमीकंडक्टिंग पाण्यातच राहतात. ह्यालाच डायइलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. मी पहिल्यांदा केलं तेव्हा दोन महिने गेले, आणि ते फील्डमुळे नाही, सॅम्पलमुळे गेले, म्हणून तिथूनच सुरू करतो.

पावडर उघड्यावर हाताळू नका, फ्यूम हूडमध्ये मास्क-ग्लोव्हज घालून अगदी चिमूटभर घ्या आणि १ टक्का एसडीएसच्या (ट्यूब्स सुट्या ठेवणारा साबणासारखा पदार्थ) पाण्यात टाकून प्रोब सोनिकेटर (अल्ट्रासाउंडने गुठळ्या फोडणारं यंत्र) लावा. प्रोबने पाणी तापतं म्हणून सगळे बर्फात ठेवायला सांगतात, मीही ठेवलं आणि थोड्या वेळात बीकरमध्ये पांढरे पांढरे कण दिसायला लागले, मला वाटलं सॅम्पल खराब झालं, पण तो एसडीएसच होता, थंडीत तो बाहेर पडतो. त्यामुळे नुसतं गार पाणी ठेवा आणि सेंट्रिफ्यूजही २० डिग्रीला चालवा. तो अल्ट्रासेंट्रिफ्यूजच हवा, साध्याने गुठळ्या खाली बसत नाहीत. वरचं पाणी अलगद काढून घ्या, तळाला हात लावू नका. एका गुठळीत एक जरी मेटॅलिक ट्यूब असली तरी ती सोबतच्या सेमीकंडक्टिंग ट्यूब्सना घेऊनच इलेक्ट्रोडवर जाते, मग फ्रिक्वेन्सी कितीही नीट लावा, काही उपयोग नाही. पातळ करायचं तर कमी एसडीएसच्या पाण्याने करा, नुसत्या पाण्याने केलंत तर ट्यूब्स परत चिकटतात.

आता फ्रिक्वेन्सी. पाण्याची परमिटिव्हिटी (फील्डमध्ये पदार्थ किती ध्रुवित होतो त्याचं माप) ८० च्या आसपास, सेमीकंडक्टिंग ट्यूबची त्यामानाने फारच कमी, म्हणून ती फील्डपासून लांब ढकलली जायला हवी. पण एसडीएसचे आयन तिच्या अंगाभोवती असतात, त्यातून करंट वाहतो, आणि फ्रिक्वेन्सी कमी असली की ती मेटॅलिकसारखीच वागते, म्हणजे किलोहर्ट्झला सगळंच येऊन बसतं आणि वेगळं काही होत नाही. शिवाय तिथे इलेक्ट्रोडवर बुडबुडे येतात, माझी सोन्याची एक जोडी त्यातच गेली. म्हणून १० मेगाहर्ट्झपासून सुरुवात करा आणि प्रत्येक बॅचची कंडक्टिव्हिटी मीटरवर मोजून वहीत लिहा, ती बदलली की उलटण्याची फ्रिक्वेन्सीही (जिथे सेमीकंडक्टिंग ट्यूब ओढली जाण्याऐवजी ढकलली जायला लागते ती) सरकते.

व्होल्टेज १० व्होल्ट पीक-टू-पीक ठेवा, पण जनरेटरच्या डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका, तो ५० ओहमचा लोड गृहीत धरून आकडा दाखवतो आणि इलेक्ट्रोड असलेली चिप काही ५० ओहमची नसते, वर लांब केबल असली की १० मेगाहर्ट्झला आकडा आणखी हलतो. चिपपाशीच १०एक्स प्रोब लावून ऑसिलोस्कोपवर बघा.

फील्ड आधी चालू करा, मग दहा मायक्रोलिटरचा थेंब ठेवा, दहा मिनिटं थांबा, आणि फील्ड चालू असतानाच नायट्रोजनने थेंब हळूच उडवा. थेंब तसाच वाळू दिला तर पाण्यातल्या सेमीकंडक्टिंग ट्यूब्सही तिथेच चिकटतात, सगळी मेहनत वाया.

मोजायला रमन स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे लेझर टाकून परत येणाऱ्या प्रकाशातले पीक बघायचे. मेटॅलिक ट्यूब्सचा जी-बँड (कार्बनचा मुख्य पीक) रुंद आणि एका बाजूला झुकलेला दिसतो, सेमीकंडक्टिंगचा अरुंद. कमी वेव्हनंबरच्या ब्रीदिंग पीकवरून (ट्यूब फुगते-आक्रसते त्या कंपनाचा पीक) व्यासही निघतो, २४८ ला पीकच्या आकड्याने भागलं की अंदाजे नॅनोमीटर. पण एका लेझरला सगळ्या ट्यूब्स दिसत नाहीत, ज्यांचं रेझोनन्स जुळतं त्याच दिसतात, म्हणून कमीत कमी दोन वेव्हलेंग्थ वापरा, नाहीतर सॉर्टिंग झालंय असा भास होतो. आणि मूळ सस्पेन्शनचा एक थेंब फील्ड न लावता त्याच चिपच्या कोपऱ्यात वाळवून ठेवा, तुलना त्याच्याशीच करायची.