स्पिरुलिनातून निळा रंग काढायचाय? फायकोसायनिन शुद्ध करून क्रीम-जेलमध्ये वापरायची पद्धत

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. स्पिरुलिना म्हणजे निळं-हिरवं शेवाळ, आणि त्याचा निळा रंग हा साधा डाय नाहीये, ते प्रोटीन आहे. नाव फायकोसायनिन. त्यात आल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्या असतात, त्यांच्या जोड्या तीन-तीन किंवा सहा-सहाच्या चकत्या करून बसतात, आणि प्रत्येक जोडीत फायकोसायनोबिलिन नावाचे तीन छोटे रंगरेणू प्रोटीनमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला घट्ट चिकटलेले असतात. पण निळा दिसतो तो काही फक्त त्या रेणूमुळे नाही, प्रोटीनने घडी घालून त्याला ताणून धरलेलं असतं म्हणून दिसतो. घडी मोडली की रंग गेला. अंड्याचा पांढरा भाग गरम केला की जे होतं तेच इथे होतं, फक्त इथे नुकसान डोळ्यांना दिसतं हा फायदा. त्यामुळे जे लोक याला फूड कलरसारखं उकळतात, लिंबू पिळतात आणि मग "रंग टिकत नाही" म्हणून रडतात, त्यांचं चुकतं ते इथेच.

दुसरी गोष्ट, किती शुद्ध करायचं ते सुरू करायच्या आधी ठरवा. शुद्धता मोजायची सोपी रीत म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं मशीन) ६२० नॅनोमीटरचं रीडिंग भागिले २८० चं रीडिंग. ६२० ला फायकोसायनिन दिसतं, २८० ला सगळीच प्रोटीन्स दिसतात, म्हणजे हा आकडा वाढला की कचरा कमी झाला. साधारण ०.७ ला फूड ग्रेड म्हणतात, १.५ च्या आसपास कॉस्मेटिक, ३.९ रिएजंट, आणि ४ च्या वर अ‍ॅनालिटिकल. आता क्रीममध्ये घालायला ४ कशाला हवाय? प्रत्येक स्टेपला थोडा माल जातोच, दीडवरून चारवर जाताना सहज निम्मा रंग कॉलममध्ये (प्रोटीन्स वेगळी करणाऱ्या भरलेल्या नळीत) आणि टाकून दिलेल्या नळ्यांमध्ये राहतो. मी सुरुवातीला उगाच चारच्या मागे लागायचो, शेवटी हातात यायची ती इतकुशी निळी नळी, दाखवायला मस्त पण क्रीमच्या एका डबीलाही पुरणार नाही.

आता काढायचं कसं. वाळलेली पावडर असेल तर पेशी सुकतानाच बऱ्यापैकी फुटलेल्या असतात, त्यामुळे फार मारामारी लागत नाही, १० ग्रॅम पावडर २०० मिली बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) मिसळा आणि ४ डिग्रीला रात्रभर हलवत ठेवा. ओला ताजा बायोमास असेल तर मात्र फ्रीज-थॉ करावं लागतं, म्हणजे उणे २० ला गोठवायचं, थंडाव्यातच वितळू द्यायचं, असं तीन-चार वेळा. सोनिकेटर (आवाजाच्या लहरींनी पेशी फोडणारं यंत्र) असला तरी जपून, कारण जास्त वेळ चालवलं की क्लोरोफिल असलेल्या पडद्यांचे इतके बारीक तुकडे होतात की ते सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसतच नाहीत आणि तुमचा निळा कायमचा हिरवट राहतो. हे भोगलंय.

बफर ०.१ मोलर फॉस्फेट, पीएच ७. पोटॅशियम फॉस्फेट घ्या, सोडियम नको, विशेषतः गोठवणार असाल तर. कारण सोडियम फॉस्फेट गोठताना त्यातलं डायसोडियम मीठ आधी स्फटिक होऊन बाहेर पडतं आणि उरलेल्या पाण्याचा पीएच धाडकन खाली जातो, ७ वरून पार आम्लाकडे, आणि फायकोसायनिनला आम्ल अजिबात झेपत नाही. बाटलीवर पीएच ७ लिहिलंय म्हणून आपण निवांत असतो आणि आत बर्फात वेगळाच खेळ चालू असतो.

मग १०,००० जी ला २० ते ३० मिनिटं सेंट्रिफ्यूज. खाली हिरवा चिखल, वर गडद निळं पाणी. ते पाणी अलगद काढून घ्या, समजा १७० मिली मिळालं. थोडंसं घेऊन ४० पट पातळ करा आणि रीडिंग घ्या. प्रमाण काढायला बेनेट आणि बोगोराड यांचं १९७३ चं सूत्र अजून वापरलं जातं, त्यांनी मुळात ६१५ नॅनोमीटर घेतलं होतं, स्पिरुलिनासाठी बहुतेक जण ६२० घेतात: ६२० च्या रीडिंगमधून ६५२ चं रीडिंग गुणिले ०.४७४ वजा करा, उत्तराला ५.३४ ने भागा, मिळेल ते मिलिग्रॅम प्रति मिली. समजा ६२० ला ०.९० आलं, ६५२ ला ०.३०, तर ०.९० वजा ०.१४२ म्हणजे ०.७५८, भागिले ५.३४ म्हणजे ०.१४२. त्याला ४० ने गुणलं की ५.७ मिलिग्रॅम प्रति मिली, १७० मिलीत साधारण ९६५ मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅम पावडरमागे ९६ च्या आसपास. आणि २८० ला १.२० आलं असेल तर शुद्धता ०.७५. हे दोन्ही आकडे वहीत लिहा, दर स्टेपला लिहा, नाहीतर माल नक्की कुठे गेला ते नंतर कळत नाही. ६५२ वजा का करतो? कारण अ‍ॅलोफायकोसायनिन नावाचा त्याचा चुलत भाऊ तिथे शोषतो आणि त्याची थोडी सावली ६२० वरही पडते.

आता अमोनियम सल्फेट. मीठ वाढवत गेलं की प्रोटीन्स एकेक करून पाण्याबाहेर पडतात, हा प्रकार हॉफमाइस्टरच्या १८८८ च्या कामापासून माहीत आहे आणि अजूनही यापेक्षा स्वस्त स्टेप कोणी काढलेली नाही. दोन टप्प्यांत करायचं. आधी २५ टक्के सॅच्युरेशन (पाण्यात जास्तीत जास्त मावेल त्या मिठाचा चौथा भाग), २० डिग्रीला लिटरमागे १४४ ग्रॅम लागतं, म्हणजे १७० मिलीला साडेचोवीस ग्रॅम. खाली पडलेला कचरा टाका, निळं पाणी ठेवा. मग २५ वरून ५० टक्क्यांवर न्या, त्याला लिटरमागे १५७ ग्रॅम, पण व्हॉल्यूम परत मोजा बरं का, मीठ घातल्यावर ते वाढलेलं असतं. आता निळा खाली बसतो, वरचं पाणी फिकट झालं पाहिजे. अजून चांगलंच निळं असेल तर थोडं मीठ वाढवून ५५-६० पर्यंत जा. मीठ चिमटी-चिमटीने घाला, हळू ढवळा, फेस येऊ देऊ नका कारण फेसातही प्रोटीनची घडी उलगडते, आणि प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास थांबा. घाईत सगळं एकदम ओतलं की जिथे पडलं तिथे मीठ जास्त होतं आणि नको ते पण खाली येतं. नीट केलं तर ही एकच स्टेप तुम्हाला कॉस्मेटिक ग्रेडच्या आसपास आणते.

निळी गोळी थोड्याशा १० मिलिमोलर बफरमध्ये विरघळवा आणि डायलिसिस पिशवीत भरा (हिच्या बारीक छिद्रांतून मीठ बाहेर जातं, प्रोटीन आत राहतं), १२-१४ किलोडाल्टनची पिशवी चालते कारण आपलं प्रोटीन त्याच्यापेक्षा खूप मोठं आहे. पिशवी गच्च भरू नका!! आत मीठ जास्त असतं, पाणी आत घुसतं, पिशवी फुगते. मी एकदा काठोकाठ भरून गाठ मारली आणि सकाळी बघतो तर अख्खं भांडं निळं. एक तृतीयांश रिकामी ठेवा. बाहेर शंभरपट बफर, ४ डिग्री, दोन-तीन वेळा बदलायचं. सल्फेट गेलं का बघायला बाहेरच्या पाण्यात आधी थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मग बेरियम क्लोराईडचा थेंब, पांढरं गढूळ झालं तर अजून आहे. आम्ल विसरलात तर फॉस्फेटच गढूळ होऊन फसवतो. बेरियम विषारी आहे, ही टेस्ट नेहमी वेगळ्या नळीत, माल असलेल्या भांड्यात कधीच नाही.

इथे थांबायचं की कॉलमवर जायचं हे सुरुवातीला ठरवलंच आहे. रंगासाठी असेल तर थांबा. लॅबच्या कामाला, म्हणजे फ्लोरोसंट टॅग वगैरे करायचं असेल तर डीईएई कॉलम. पीएच ७ ला फायकोसायनिनवर ऋण चार्ज असतो, डीईएईवर धन, त्यामुळे ते कॉलमच्या डोक्याशी निळी पट्टी होऊन बसतं, मग शून्यापासून अर्ध्या मोलरपर्यंत सोडियम क्लोराईड हळूहळू वाढवत उतरवायचं. छोट्या छोट्या नळ्यांत गोळा करा, प्रत्येकीचं ६२०/२८० बघा आणि चांगल्या तेवढ्याच एकत्र करा. सगळ्या निळ्या नळ्या मोहापायी एकत्र केल्या की कॉलम चालवून उपयोग काय.

बरेच जण विचारतात की हिस-टॅग का नाही लावायचं, म्हणजे प्रोटीनला हिस्टिडिनची शेपटी लावून ती धातूच्या कॉलमला चिकटवायची. मेटल कॉलमची कल्पना पोराथ आणि मंडळींनी १९७५ मध्ये मांडली, नंतर ८० च्या दशकात निकेल-एनटीए आलं आणि प्रोटीनच्या शेपटीला सहा हिस्टिडिन लावून एका स्टेपमध्ये काम व्हायला लागलं, भारीच शोध. पण ते जीन बदललेल्या बॅक्टेरियासाठी. ई. कोलायमध्ये हा निळा करायचा तर रंगरेणू बनवणारे एन्झाईम्ससुद्धा आत घालावे लागतात, वरून कॉलममधून निकेल झिरपतं, आणि निकेलची अ‍ॅलर्जी कितीतरी लोकांना असते. त्वचेवर लावायच्या मालासाठी तो रस्ता मी तरी धरणार नाही.

पेटंट वाचून पद्धत उचलणार असाल तर क्लेम्स (पेटंटमधला हक्क सांगणारा भाग) वाचून लगेच बफर बनवायला घेऊ नका. क्लेम मुद्दाम ऐसपैस लिहिलेला असतो, "पीएच ५ ते ८" असं, कारण त्यांना जागा अडवायची असते. काय खरंच केलं ते उदाहरणांमध्ये असतं, तिथले ग्रॅम, मिनिटं, तापमान बघा.

आता कॉस्मेटिककडे. फायकोसायनिन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. जेल, टोनर, पाण्याचा भाग असलेलं क्रीम, इथे ते खुश असतं. क्रीममध्ये अगदी शेवटी घाला, बॅच ४० डिग्रीच्या खाली आल्यावर, कारण ४५-४७ च्या पुढे ते तुटायला लागतं. मी एकदा पावडर लवकर वाळावी म्हणून ६० डिग्रीच्या ओव्हनमध्ये ठेवली होती, बाहेर निघाली ती राखाडी. फ्रीज-ड्राय करा, ट्रेहॅलोज (एक साखर) घालून केलं तर अजून चांगलं. पीएच ५.५ ते ६ त्याला सगळ्यात मानवतो आणि त्वचेच्या क्रीमचा पीएच साधारण तिथेच असतो, नशीब आपलं. पण व्हिटॅमिन सी सीरम, ग्लायकोलिक वगैरे आम्लाच्या मालात घालू नका, पीएच ४ च्या आसपास ते गाळ होऊन बसतं. सोडियम लॉरिल सल्फेटवाला शॅम्पूसुद्धा नको, तो घडी उलगडतो आणि निळा उडून जातो. जास्त अल्कोहोलचंही तेच.

प्रमाण ०.१ टक्क्यापासून सुरू करा. बेस पिवळसर असेल, म्हणजे न गाळलेलं मेण किंवा पिवळं तेल असेल, तर निळा मिळणार नाही, हिरवा मिळेल, मग रंगाला शिव्या देऊ नका. लिपस्टिकसारख्या तेलकट मालात थेट चालत नाही, त्याला आधी अ‍ॅल्युमिना किंवा क्ले (चिकणमाती) यांच्यावर बसवून कोरडं पिगमेंट करावं लागतं, आणि तिथेही शेड लॅबमधल्या नळीसारखी चमकदार राहत नाही.

प्रिझर्व्हेटिव्ह हवाच. हे प्रोटीन आहे, जंतूंना मेजवानी. लॅबमध्ये बाटली टिकवायला सोडियम अझाईड घालतात, ते विष आहे, त्वचेवर जाणाऱ्या बॅचला त्याचा वासही लागू देऊ नका, दोन बॅचची भांडी वेगळी ठेवा. स्पिरुलिना घेतानाच मायक्रोसिस्टिन (काही शेवाळांतलं विष) आणि जड धातूंचा रिपोर्ट मागा. आणि विकणार असाल तर आपल्या देशाची कॉस्मेटिक कलरची यादी बघा, खाण्यात चालतं म्हणजे चेहऱ्यावर चालतं असं नसतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१३ मध्ये स्पिरुलिना एक्स्ट्रॅक्टला कँडी आणि च्युइंगमसाठी परवानगी दिली, पण तिथे रंगाची परवानगी वापरानुसार मिळते, एकीकडची दुसरीकडे चालत नाही.

टिकतं का ते बघायला एकाच बॅचच्या तीन बाटल्या करा, एक फ्रीजमध्ये अंधारात, एक ४० डिग्रीला, एक खिडकीत. खिडकीतली सगळ्यात आधी मरेल, प्रकाश हा याचा खरा शत्रू आहे, म्हणून पारदर्शक बाटलीचा हट्ट सोडा. आणि मशीन नसेल तर अंधाऱ्या खोलीत बाटलीवर बाजूने पांढरा टॉर्च मारा. चांगलं फायकोसायनिन आरपार बघितलं तर निळं आणि बाजूने बघितलं तर लालसर चमकतं, कारण ते ६४० च्या पुढे लाल प्रकाश परत सोडतं. हे पातळ, स्वच्छ द्रावणात दिसतं, क्रीममध्ये नाही, त्यामुळे क्रीमच्या बाटल्यांबरोबर त्याच बफरमधली एक साधी नळी पण ठेवत जा. लाल चमक गेली आणि निळा अजून दिसतोय, तर घडी सैल व्हायला लागली आहे, ती बॅच भरू नका.