सामनच्या हंगामात व्हेडरवर पहिल्यांदा जाताना

सप्टेंबर लागला की नव्याने आलेल्या मुलांचे फोन सुरू होतात. "काका, व्हेडरला सामन धरायला जायचंय, रॉड कुठला घेऊ?" व्हेडर ही कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातली नदी, आणि सामन (सॅमन) म्हणजे समुद्रातून अंडी घालायला नदीत चढणारा मासा. मी प्रत्येकाला एकच सांगतो. रॉडचं मागाहून बघू, आधी ऑक्टोबरातल्या एखाद्या शनिवारी रिकाम्या हाताने माझ्याबरोबर चल आणि तासभर काठावर उभा राहून नुसतं बघ.

जे दिसतं ते पहिल्यांदा अंगावर येतं. उजाडायच्या आत रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग. कपाळावर दिवे बांधून, काळोखातच जागा धरून उभी असलेली माणसं. फटफटलं की दोन्ही काठांवर माणसांची भिंत दिसते. हात बाजूला पसरला तर शेजाऱ्याला लागेल, इतकी जवळ. दोरे एकमेकांत अडकतात, शिव्या ऐकू येतात, कधी धक्काबुक्कीही होते. इथले लोक याला 'कॉम्बॅट फिशिंग' म्हणतात. मी २००१ साली ॲबट्सफर्डला आलो. रोह्याजवळ कुंडलिकेच्या काठी वाढलेला, गरवणं लहानपणापासून ठाऊक. तरी या नदीवर कसं उभं राहायचं ते मला नव्याने शिकावं लागलं, आणि आपल्या भाषेत सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं.

ही गर्दी का होते ते आधी समजून घ्या, म्हणजे माणसांचा राग कमी येईल. चिलिवॅक नदी व्हेडर क्रॉसिंगच्या पुलापासून खाली व्हेडर म्हणून ओळखली जाते. व्हँकूव्हरहून दीड तासात माणूस पोचतो, नदीला लागूनच रस्ता आणि पायवाट आहे, आणि वरच्या अंगाला सरकारी मत्स्यबीज केंद्र असल्याने धरून ठेवता येतील असे मासे दरवर्षी येतात. दुसरीकडे मोठ्या फ्रेझर नदीवरची मोकळीक आकसत गेली. २००९ साली तिथे सॉकाय या जातीचे एक कोटीच्या आसपास सामन येतील असा अंदाज होता, आले पंधरा लाखांच्या आसपास. चौकशीसाठी न्यायमूर्ती कोहेन यांचा आयोग बसला आणि २०१२ साली ७५ शिफारशींचा अहवाल आला. मधल्या २०१० साली मात्र तीन कोटींच्या घरात मासे आले होते, इतका हा हिशेब बेभरवशाचा. मग २०१८ च्या अखेरीस फ्रेझरवर बिग बार इथे डोंगरकडा नदीत कोसळला आणि वर जाणाऱ्या माशांची वाटच अडली. अशा वर्षांत फ्रेझरचे पट्टे बंद ठेवतात, आणि फ्रेझरवर जाणारा माणूसही मग व्हेडरवर येतो. पाणी तेवढंच, माणसं दुप्पट.

आता या गर्दीत उभं कसं राहायचं.

काठावर पोचल्यावर लगेच गळ टाकायला धावू नका. जिथे उभं राहायचं असेल तिथल्या माणसाला गुड मॉर्निंग म्हणा आणि विचारा, "इथे एक माणूस मावेल का?" बहुतेक जण सरकून जागा देतात. न विचारता घुसलात तर तोच माणूस दिवसभर तुमच्यावर धुमसत राहील, आणि त्याचं काही चुकत नाही. दोन माणसांमध्ये दिसणारी मोकळी जागा खरोखर मोकळी असतेच असं नाही. वरच्या माणसाचा फ्लोट (दोराला बांधलेला तरंगता बोंडा) वाहत वाहत तिथवर येतो, ती त्याचीच जागा.

फ्लोट टाकायला एक ताल असतो. सगळे थोडं वरच्या अंगाला टाकतात, फ्लोट प्रवाहाबरोबर खाली येऊ देतात, गुंडाळतात, पुन्हा टाकतात. तो ताल दोन-तीन फेऱ्या नुसता बघा आणि शेजाऱ्यामागोमाग टाका. रांगेत सगळे फ्लोट लावून गरवत असतील तर मध्येच उभं राहून चमच्यासारखं धातूचं आमिष किंवा नकली माशी लावून आडवं ओढू नका, दहा जणांचे दोरे गोळा होतील. तुम्हाला तसंच गरवायचं असेल तर मोकळं पाणी शोधा, चालत गेलं की सापडतं. सगळे घोटाभर पाण्यात असताना एकट्याने कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभं राहू नये. मासे काठापासून किती जवळून चढतात हे नव्या माणसाला खरं वाटत नाही. तो नेमका त्यांच्या वाटेत उभा राहतो आणि मागच्या सगळ्यांची सकाळ जाते.

कुणी "फिश ऑन!" असं ओरडलं की शेजारच्यांनी आपला दोर लगेच गुंडाळून घ्यायचा. हा नदीवरचा सगळ्यात पक्का रिवाज. मासा तुमच्या गळाला लागला तर तुम्हीही मोठ्याने ओरडा, लाजू नका. दोर पुरेसा जाड ठेवा, नाहीतर मासा वीस मिनिटं खालवर पळत राहतो आणि सगळे खोळंबतात. गुंता झाला तर दोघांनी थांबायचं. ज्याचा दोर कापणं सोपं त्याने कापायचा, आणि तुकडा खिशात घालून घरी न्यायचा. काठावरच्या झुडपांत अडकलेल्या दोऱ्यात पक्ष्यांचे पाय अडकतात, ते मी सोडवलेले आहेत. दिवसाचा कोटा झाला की जागा सोडा. मागे कुणीतरी पहाटेपासून वाट बघत असतं.

डोळ्यांवर चष्मा हवाच. अडकलेला गळ झटक्यात सुटला की दोरावरचं वजनाचं शिसं गोळीसारखं मागे येतं. लहान मुलांना रांगेच्या मागे उभं करू नका.

हे सगळं झालं वागण्याचं. यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे मासा कसा धरता. समुद्रातून नदीत शिरलेला सामन खाणं जवळजवळ बंद करतो. चिडून किंवा सवयीने आमिषावर तोंड टाकतो, पण नेहमी नाही. म्हणून काही जण लांबलचक लीडर (शिसं आणि गळ यांमधला दोर) लावून तळाशी ओढत नेतात. दोर माशाच्या उघड्या तोंडातून सरकतो आणि गळ बाहेरून जबड्यात घुसतो. याला 'फ्लॉसिंग' म्हणतात. मासा चावलेलाच नसतो, त्याला ओढून काढलेला असतो. मुद्दाम अंगाला गळ रुतवून मासा ओढणं इथे गुन्हा आहे. तोंडाऐवजी अंगाला गळ लागलेला मासा सोडूनच द्यावा लागतो, मग तो चुकून लागलेला का असेना. यूट्यूबवर "हमखास पद्धत" म्हणून दाखवतात ती पुष्कळदा हीच असते, ती उचलू नका. नद्यांवर एकच टोक असलेला, उलटा काटा नसलेला गळ लागतो. दुकानातल्या गळाला काटा असेल तर पकडीने दाबून सपाट करून घ्या.

कोहो या सामनच्या जातीबाबत तर आपल्या लोकांची हमखास चूक होते. पाठीवरच्या मोठ्या परामागे, शेपटीच्या अलीकडे एक छोटा मांसल पर असतो. मत्स्यबीज केंद्रातल्या पिल्लांचा तो पर कापून मग त्यांना नदीत सोडतात. तो कापलेला असून जागा भरून आलेली असेल तरच कोहो ठेवता येतो. पर शाबूत असेल तर तो रानातला मासा, त्याला पाण्यातच ठेवून गळ काढायचा. दगडांवर ओढत आणून, कल्ल्यात बोटं घालून फोटो काढून मग सोडलेला मासा पोहत जाताना दिसतो खरा, पण तो जगेलच याचा भरवसा नाही. आणि ठेवलेल्या माशाचे काठावर तुकडे करू नका. तपासायला आलेल्या अधिकाऱ्याला जात आणि पर ओळखता आला पाहिजे.

आता गाबोळीचं. आपल्याकडे हळद-तिखट लावून, रव्यात घोळवून तळलेली गाबोळी म्हणजे सणच, मलाही ती प्रिय आहे. ऑक्टोबरात अंड्यांनी भरलेल्या चम जातीच्या सामन माद्या शेकड्यांनी दिसतात आणि हात शिवशिवतात. याच काठावर पोट फाडून अंडी काढलेले आणि झुडपात टाकलेले मासे मी कितीदा पाहिलेत. कुणी आमिषासाठी काढतं, कुणी चोरून विकायला. गाबोळीसाठी मादी मारून मांस फेकणं हा गुन्हा आहे, आणि हौशी परवान्यावर धरलेला मासा किंवा त्याची अंडी विकणं हाही गुन्हाच. नेमाने ठेवलेल्या माशात गाबोळी निघाली तर आनंदाने खा. तिच्यासाठी म्हणून मादी मारू नका.

रायगडातल्या माणसाला मी हे वलगणीवरून समजावतो. पहिला पाऊस पडला की मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहाने ओढ्यातून शेतांत चढायचे आणि सगळा गाव रात्री पाग, टोपल्या, मच्छरदाण्या घेऊन त्यांच्यावर तुटून पडायचा. मीही असायचो त्यात. आज आमच्या ओढ्याला वलगण नावापुरती उरली आहे. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात, पण ओढ्यांना तशी राखण कधी मिळाली नाही. व्हेडरवरचा सामनही त्याच कामाला निघालेला असतो. फरक एवढाच की त्याला ही खेप एकदाच मिळते. अंडी घातली की तो मरतो.

परवान्याचं थोडक्यात. फ्रेझरवर मिशनच्या रेल्वे पुलाच्या वर आणि व्हेडरवर प्रांताचा गोड्या पाण्याचा परवाना लागतो. पुलाखाली समुद्राकडे केंद्र सरकारचा. दोन्ही १ एप्रिल ते ३१ मार्च चालतात, आणि सामन ठेवायचा तर सामनसाठीचे जादा पैसे वेगळे भरावे लागतात. निवासी दरासाठी इथल्या वास्तव्याची अट असते. नुकतेच आला असाल तर खोटं लिहू नका, जास्तीचे पैसे भरा. आई-बाबा भेटीला आलेत आणि "जरा धरा हो रॉड, फोटो काढतो" म्हणून त्यांच्या हाती गळ दिला, तर त्यांच्याकडेही परवाना हवा. चिनूक जातीचा मोठा सामन ठेवलात तर त्याच क्षणी परवान्यावर नोंद करायची, घरी जाऊन नाही. कुठला पट्टा कुठल्या जातीला उघडा आहे ते हंगामाच्या मध्येही बदलतं. निघायच्या आदल्या रात्री मत्स्यविभागाची सूचना वाचा. मागच्या आठवड्यात मित्राने काय सांगितलं, त्यावर जाऊ नका.

काठावर एक बोलणं हमखास कानावर येईल. "आपल्याला बंदी, आणि त्यांना जाळी टाकायला मोकळीक." 'ते' म्हणजे इथले मूळ रहिवासी. त्या बोलण्यात मान डोलवू नका. हा स्टोलो लोकांचा मुलूख आहे. 'स्टोलो' या शब्दाचाच अर्थ नदी. मस्क्वियम समाजातल्या एका कोळ्यावर १९८४ साली परवानगीपेक्षा लांब जाळं वापरल्याचा खटला झाला. त्यातून १९९० साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पॅरो निकाल दिला. माशांच्या रक्षणानंतर पहिला हक्क मूळ रहिवाशांच्या अन्नाचा आणि विधींचा, हौशी आणि व्यापारी मासेमारी त्यानंतर. नदीवर सगळ्यात शेवटी आलेले आपण. आपण या तक्रारीत सूर मिसळावा हे मला पटत नाही.

आणि कुणी तुमच्याशीच वाईट वागलं तर? होतं असं. माझ्या तिसऱ्या हंगामात एका माणसाने माझा दोर कापला आणि "तुम्ही लोक" अशी सुरुवात करून नको ते बोलला. मी दोर गुंडाळून वर आलो. हात थरथरत होते. चार माणसं पलीकडचा एक म्हातारा काही न बोलता बाजूला सरकला आणि त्याने मला हाताने खूण केली. पुढची कित्येक वर्षं आम्ही शेजारी गरवत होतो. तरी दरवेळी असा माणूस भेटेलच असं नाही. हुज्जत घालू नका. हातात गळ आणि सुरी असलेल्या माणसांचं भांडण वाईट असतं. मारहाणीची भीती असेल तर ९११. मासे चोरणारा, अंडी काढून मासा टाकणारा दिसला तर वेळ, जागा आणि गाडीचा नंबर टिपून मत्स्यविभागाला १-८००-४६५-४३३६ वर कळवा. लांबून फोटो काढा, जवळ जाऊन जाब विचारू नका. नियम मोडणारा आपल्यातला असला तरी फोन करायचा. आपल्यातल्या एकाने टाकलेला मासा नदीवरच्या प्रत्येक सावळ्या माणसाच्या नावावर चढतो. हा अन्यायच आहे, पण म्हणून कळवायचं टाळू नका.

शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. कामाची पाळी दुपारची असेल तर मंगळवारची सकाळ सोन्यासारखी. पावसाने गढूळलेलं पाणी निवळायला लागलं की मासे हलतात, तेव्हा गर्दीपासून वीस मिनिटं चालत गेलात तर एकटं पाणी मिळतं. विषम सालांत फ्रेझरला पिंक जातीचे सामन येतात. ते सुरू असतील तर पहिला मासा म्हणून तेच बरे, आमिषावर झडप घालतात आणि हलके असतात.

लहान मुलांना मात्र आधी व्हेडरवर नेऊच नका. हॅरिसन मिल्सजवळ विवर क्रीकवर १९६५ साली बांधलेला अंडी घालण्याचा कालवा आहे. ऑक्टोबरात तिथे सॉकाय आणि चम हातभर अंतरावर खडी उकरताना दिसतात. नोव्हेंबर-डिसेंबरात हॅरिसनच्या उथळ पाण्यावर मेलेले सामन खायला शेकडो गरुड उतरतात. माझी मुलगी सहा वर्षांची असताना विवर क्रीकच्या कठड्याला धरून तासभर उभी होती आणि तिथून हलायला तयार नव्हती. पुढे ती गरवायला शिकली, तेव्हा पर शाबूत असलेला कोहो सोडायला तिला कधी सांगावं लागलं नाही.

यंदा ऑक्टोबरच्या मध्यावर मी विवर क्रीकला जाणार आहे. गाडीत चार जागा आहेत, ज्यांच्याकडे अजून गाडी नाही त्यांनी कळवा. जेवणाचे डबे आणि गरम कपडे आपले आपण आणायचे, रॉड घरी ठेवायचा.