ऑफिसात दुसरा राउटर लावताना

नेटवर्कच्या कामात नवा आलेला माणूस असला की हे काम हमखास त्याच्या गळ्यात पडतं. टोकाच्या खोलीत वायफाय पोचत नाही, कपाटात एक राउटर पडून आहे, तेवढा लावून टाक. लावला की सिग्नल दिसतो, सगळे खूश. मग तक्रारी सुरू होतात: कुणाचं नेट चालतं, कुणाचं नाही, प्रिंटर मध्येच गायब. सगळंच बंद पडलं तर निदान शोधायला सोपं जातं; हा अर्धवट बिघाड जास्त छळतो.

याचं मूळ बहुधा दोन गोष्टींत असतं. बरेच राउटर कारखान्यातूनच १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ हा पत्ता घेऊन येतात, त्यामुळे दोघेही एकाच पत्त्यावर हक्क सांगतात. शिवाय दोन्हींत डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सोय, चालू असतं. लॅपटॉप जोडला की तो अख्ख्या नेटवर्कला विचारतो, मला पत्ता कोण देतं? ज्याचं उत्तर आधी येईल, सहसा त्याचंच ऐकतो. उत्तर दुसऱ्या राउटरने दिलं तर तो गेटवे (इंटरनेटकडे जायचं दार) म्हणून स्वतःचं नाव सांगतो, आणि त्याच्या मागे तर इंटरनेटच नसतं. त्यात एकाने कुणाला कोणता पत्ता दिला हे दुसऱ्याला माहीत नसतं, म्हणून तोच पत्ता दोघांना मिळू शकतो.

तेव्हा केबलला हात लावण्याआधी ठरवा: इथे पत्ते कोण वाटणार? माझं उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं, पहिलाच राउटर. दुसऱ्याने फक्त वायफाय पसरवायचं. त्याच्यात 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर सरळ तोच निवडा.

नसेल तर दुसरा राउटर आधी एकट्या लॅपटॉपला जोडा, ऑफिसच्या नेटवर्कला नाही. पहिल्याची डीएचसीपी रेंज बघून ठेवलेली असावी. समजा ती १९२.१६८.१.१०० ते १९९ आहे. मग दुसऱ्याला रेंजबाहेरचा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२ द्या, सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग सगळ्यांचा सारखा हे सांगणारा आकडा) पहिल्याचाच ठेवा. पत्ता मोकळा आहे का हे नुसत्या पिंगवर, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघून, ठरवू नका. बंद असलेला प्रिंटर उत्तर देत नाही, आणि काही फायरवॉल पिंग अडवतात. हाताने पत्ते दिलेल्या यंत्रांची यादी मागा. नसेल तर करा.

नवा पत्ता सेव्ह केला की समोरचं पान लटकतं. नवखे इथेच घाबरून रिसेट दाबतात. राउटर बिघडलेला नसतो, नव्या पत्त्यावर गेलेला असतो. लॅपटॉपची केबल काढून पुन्हा लावा, नव्या पत्त्याने आत जा आणि मग डीएचसीपी बंद करा. आधीच बंद केलंत तर लॅपटॉपला १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता पडू शकतो, कुणीच पत्ता दिला नाही की तो स्वतःच घेतो तो. मग हाताने पत्ता दिल्याशिवाय आत जाता येत नाही.

आता केबल: पहिल्याच्या लॅन पोर्टमधून (आतली यंत्रं जोडायची ती खाच) दुसऱ्याच्या लॅन पोर्टमध्ये. वॅन पोर्ट, म्हणजे इंटरनेटची केबल येते तो, रिकामा. ते पटत नाही पटकन, पण वॅनमध्ये घातली की तो पुन्हा स्वतंत्र राउटर होतो. आणि 'जास्त स्पीडसाठी' दोन केबल जोडू नका. लूप होऊन सगळं नेटवर्क गुदमरतं. वायफायचं नाव आणि पासवर्ड तेच ठेवले तरी चालतात, चॅनल मात्र वेगळे: २.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६, ११ यांतले.

पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क हवं म्हणून काही जण मुद्दाम वॅन पोर्ट वापरतात. आतला सबनेट (पत्त्यांचा गट) वेगळा ठेवला, समजा १९२.१६८.५०, तर पत्त्यांची टक्कर होत नाही. पण यात एक मेख आहे. ऑफिसमधून पाहुण्यांकडे जाता येत नाही, पाहुण्यांना मात्र ऑफिसच्या यंत्रांपर्यंत पोचता येतं, कारण त्यांची वाट तिथूनच जाते. म्हणजे नेमकं उलटं. पाहुण्यांसाठी पहिल्या राउटरवरचं गेस्ट नेटवर्क किंवा व्हीलॅन (त्याच केबलींवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) बरं.

शेवटी दोन-तीन विंडोज यंत्रांवर 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा तपशिलासह (ipconfig /all) चालवा. गेटवे आणि डीएचसीपी सर्व्हर, दोन्ही ओळींत पहिलाच राउटर दिसला पाहिजे. आधी कुणी दुसऱ्याकडून पत्ता घेतलेला असेल तर तो सोडून नवा घ्यायला लावा. दुसऱ्या राउटरचा नवा पत्ता त्याच्याच पाठीवर चिकटवा, रिसेटच्या बटणाशेजारी, कारण ते दाबलं की डीएचसीपी पुन्हा चालू.